सैल बांगड्या
(प्रस्तावना)

जानेवारीतली सकाळ होती. माळव्याची थंडी कशी असते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. उज्जैनच्या नानाखेड्यातल्या माझ्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं शाली-मफलरीत गुरफटलेली होती. त्यात एक काकू नुसत्या सुती साडीत, स्वेटर हातात घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. आत आल्यावर पदर सावरायला त्यांनी हात वर केला, तशा काचेच्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या. "दिवाळीत याच बांगड्या साबण लावून चढवल्या होत्या," त्या म्हणाल्या. भूक नेहमीपेक्षा जास्त होती, दोन पोळ्यांच्या जागी चार खात होत्या, आणि तरी अंगावर काही टिकत नव्हतं. रात्री झोप नाही. चहाचा कप नेताना बशी खुळखुळते म्हणून सुनेने त्यांच्या हातात ट्रे द्यायचं बंद केलं होतं. त्याचं त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

त्यांच्या पिशवीत रिपोर्ट होता. टीएसएच ०.०१. कोणीतरी तो पाहून सांगितलं होतं, "थायरॉइड फार कमी झालाय." घरात जाऊबाईंना "थायरॉइड"च होता आणि त्यांच्या गोळ्या कपाटात होत्या. काकूंनी तीन आठवडे त्या गोळ्या घेतल्या. म्हणजे ज्या घराला आग लागली होती, त्यात त्या रोज सकाळी उपाशीपोटी चमचाभर तेल ओतत होत्या. मी त्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितलं आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरत राहिला. नाडी मिनिटाला १२४ होती.

हे पुस्तक त्या दिवशी सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

थायरॉइडला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात, पण उज्जैनच्या मराठी घरात हा शब्द मी कधी ऐकला नाही. इथली मराठी घरं जुनी आहेत. शिंद्यांची राजधानी उज्जैनला होती तेव्हापासूनची काही, आणि दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरकडे मुक्काम हलवल्यावरही इथेच राहिलेली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि लॅबच्या कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषांतून आमच्या रुग्णाचं दुखणं प्रवास करतं. त्या प्रवासात एक वाक्य हमखास बिघडतं: "थायरॉइड वाढलाय." हेच वाक्य दोन अगदी उलट आजारांसाठी वापरलं जातं. ग्रंथी मंद पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हाकारण्यासाठी जास्त टीएसएच सोडते. कागदावर आकडा वाढतो, पण थायरॉइड कमी पडलेला असतो. ग्रंथी बेफाम झाली की पीयूषिका गप्प बसते. तेव्हा टीएसएच शून्याला टेकतो आणि थायरॉइड वाढलेला असतो. टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हे, तो थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. एवढी एक गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसली, तरी या पुस्तकाचं निम्मं काम झालं असं मी समजेन.

गळ्याची गाठ आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचं वर्णन आहे. पण गाठ आणि धडधड, गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध जोडायला बराच काळ जावा लागला. इंग्लंडमधल्या बाथ या गावी केलेब पॅरी यांनी असा रुग्ण १७८६ मध्ये पाहिला होता, पण त्यांचं लिखाण छापलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ साली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीत मेर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये तेच चित्र मांडलं. म्हणून आपण ज्याला ग्रेव्हजचा आजार म्हणतो, त्याला जर्मन डॉक्टर अजून बासेडोचा आजार म्हणतात. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मानसिक धक्का, हृदयाचा दोष, मज्जासंस्थेचा बिघाड असे तर्क चालत राहिले. खरं उत्तर १९५६ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावातून आलं. ॲडम्स आणि पर्व्हस यांना रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला दीर्घकाळ चेतवणारा एक पदार्थ सापडला, आणि तो टीएसएच नव्हता. पुढे कळलं की ती शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडं आहेत. ती ग्रंथीवरच्या टीएसएचच्या कुलपात खोट्या किल्लीसारखी बसतात आणि दार उघडंच ठेवतात. पीयूषिकेने हुकूम देणं थांबवलं तरी कारखाना चालूच राहतो.

हा खोट्या किल्लीचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कित्येक पटींनी अधिक. पण तो एकटा नाही. म्हातारपणी वर्षानुवर्षांच्या गाठीतल्या काही गाठी स्वतःच्या मर्जीने रस सोडू लागतात. कधी एकच गाठ सगळा कारभार हाती घेते. आणि कधी ग्रंथीला नुसती सूज येते, साठवलेला रस रक्तात सांडतो आणि काही आठवड्यांनी सगळं आपोआप निवळतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात असं होतं, विषाणूच्या तापानंतरही होतं, आणि तेव्हा मान दुखते. रिपोर्ट चौघांचेही सारखेच दिसतात: टीएसएच खाली, टी-४ म्हणजे ग्रंथीचा रस वर. उपाय मात्र सारखे नाहीत. सांडलेल्या रसावर कारखाना बंद करणारी गोळी देऊन काय होणार? म्हणून कोणी नुसत्या टीएसएचवर गोळी सुरू केली की मला अस्वस्थ वाटतं. प्रतिपिंडांची तपासणी किंवा टेक्नेशियमचा स्कॅन करून आधी प्रकार ठरवायचा, मग औषध. या क्रमावर पुस्तकात मी हट्टाने बरीच पानं खर्च केली आहेत.

उपचाराकडे वळू. रस्ते तीनच आहेत, आणि तिन्ही जुने.

पहिला शस्त्रक्रियेचा. एकोणिसाव्या शतकात ही गाठ कापणं म्हणजे रक्तस्रावाने जाणारा जीव, असंच गणित होतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या थिओडोर कोखर यांनी शांत, रक्त सांडू न देणारी पद्धत बसवली आणि हजारो शस्त्रक्रिया करून मृत्यूचं प्रमाण टक्क्याच्याही खाली आणलं. १९०९ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी मिळालं. पण त्यांची दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. पूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण पुढे सुजतात, मंदावतात, खुरटतात, हे त्यांनी स्वतःच १८८३ मध्ये जाहीर सांगितलं. आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांमागचं नुकसान असं उघड्यावर मांडायला फार मोठं मन लागतं. वीस ग्रॅमही न भरणारी ही ग्रंथी शरीरासाठी काय करते, ते जगाला त्या कबुलीतून कळत गेलं. पुढे १९२३ मध्ये मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेआधी काही दिवस आयोडीन देऊन ग्रंथी शांत करण्याची रीत आणली, आणि टेबलावर एकाएकी उसळणारं, जीवघेणं थायरॉइडचं वादळ बरंच टळलं. आज मोठी गाठ, श्वासनलिकेवरचा दाब, कर्करोगाची शंका किंवा औषध न सोसणं अशा कारणांसाठी शस्त्रक्रिया होते. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी तिथेच पाठीमागे असतात. म्हणून हे काम रोज करणाऱ्या हाताकडेच जावं.

दुसरा रस्ता गोळीचा. तो उंदरांनी दाखवला. १९४० च्या आसपास बाल्टिमोरच्या प्रयोगशाळांत वेगळ्याच कामासाठी काही रसायनं खाल्लेल्या उंदरांच्या गळ्याला गाठी आल्या. रस बनेना म्हणून टीएसएच वाढत होता आणि ग्रंथी फुगत होती. बोस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी त्यातला धागा पकडला: जे रसायन निरोगी उंदराचा रस थांबवतं, ते बेफाम ग्रंथीच्या माणसाला औषध ठरेल. १९४३ मध्ये त्यांनी ते माणसांवर दाखवून दिलं. त्यातूनच पुढे प्रोपिलथायोयुरासिल आणि मेथिमॅझोल आली, आणि १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये कार्बिमॅझोल. शरीरात गेल्यावर कार्बिमॅझोलचं मेथिमॅझोलच होतं. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात निओ-मर्काझोल या नावाने जी छोटी गोळी मिळते ती हीच.

या गोळीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला कागदावर चित्र काढून समजावतो. गोळी कारखाना थांबवते, गोदाम रिकामं करत नाही. ग्रंथीत आधीच साठवलेला रस आठवड्यानुआठवडे झिरपत राहतो. रक्तात आलेल्या टी-४ ला निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे रुग्णाला काहीच फरक वाटत नाही आणि तो डॉक्टर बदलतो. या मधल्या काळात धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रॅनोलॉल असतं. जेम्स ब्लॅक यांनी ते साठच्या दशकात शोधलं, त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. दमेकऱ्याला मात्र ते चालत नाही. मग महिना-दीड महिना उलटतो, झोप लागते, वजन भरतं, बांगड्या पुन्हा मनगटावर बसतात. आणि नेमक्या याच वेळी गोळी बंद होते. "आता बरं वाटतंय" हे वाक्य या आजारात मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं. कारखाना थांबलेला असतो, पण खोटी किल्ली रक्तात तशीच फिरत असते. म्हणून ग्रेव्हजमध्ये उपचार साधारण बारा ते अठरा महिने चालतो. त्यानंतरही जवळपास निम्म्या जणांत आजार परततो. हे आधी सांगितलेलं नसेल तर परतलेला आजार फसवणुकीसारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट रुग्णाला घाबरवते. दोन महिन्यांनी टी-४ जागेवर आलेला असतो, पण टीएसएच अजून ०.०१ च. पीयूषिका इतके दिवस गप्प बसलेली असते की जागी व्हायला तिला महिनोन् महिने लागू शकतात. त्या आकड्याच्या मागे लागून गोळी वाढवली तर माणूस उलट्या दिशेला, सुस्तीत ढकलला जातो.

धोक्याची एक गोष्ट पाठ हवी. हजारात दोन ते पाच जणांत ही गोळी रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. घसा सुजतो, ताप येतो. एरवी आपण मिठाच्या गुळण्या करून दोन दिवस वाट पाहतो. इथे वाट पाहायची नाही. गोळी तिथेच थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची आणि डॉक्टरांना गाठायचं. मी हे वाक्य रुग्णाकडून तीन वेळा म्हणवून घेतो, आणि सोबत आलेल्या माणसाकडूनही.

तिसरा रस्ता अणूचा. बोस्टनमध्ये १९३६ च्या नोव्हेंबरात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं भाषण झालं. तिथे सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? ग्रंथी आयोडीन ओढून घेते हे सर्वांना माहीत होतं. मग तिच्या तोंडी किरणांचाच घास द्यायचा, अशी ती कल्पना. सशांवर प्रयोग झाले, आणि ३१ मार्च १९४१ रोजी पहिल्या रुग्णाला ते आयोडीन पाजलं गेलं. युद्धानंतर अणुभट्टीत बनलेलं आयोडीन-१३१ रुग्णालयांत पोचू लागलं. आपल्याकडे तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा भट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस आली, आणि १९६३ मध्ये मुंबईत परळला आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. देशातल्या अणुवैद्यकाची मुळं तिथे आहेत. गिरणगावच्या भोंग्यांच्या टप्प्यात, परळच्या एका खोलीत माणसं अणुभट्टीतून आलेलं औषध घोटभर पाण्यासारखं पीत होती आणि बरी होऊन घरी जात होती, हे आठवलं की मला अजूनही अभिमान वाटतो. अणूचं नाव काढलं की आपल्याला बॉम्बच आठवतो. या बाजूची गोष्ट मराठीत पुरेशी सांगितली गेलेली नाही.

आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे मागवलेला डोस कोणासाठी थांबत नाही. नानाखेड्याच्या माणसाला त्यासाठी ठरल्या दिवशी इंदूर गाठावं लागतं. अंतर पंचावन्न किलोमीटरच, पण परतीचा प्रश्न येतो. कोणत्या बसने यायचं, शेजारी गरोदर बाई बसली तर? त्यानंतरचे काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं असतं, नातवाला कुशीत घेऊन झोपायचं नसतं. एका आजींना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा बाजूला बसायचं." त्यांच्या तरुणपणी महिन्यातून चार दिवस त्या बाजूला बसल्या होत्या आणि तो अपमान त्या विसरल्या नव्हत्या. मी त्यांना सांगितलं, आजी, यात विटाळ नाही, हा नातवाच्या छोट्या ग्रंथीचा सांभाळ आहे. दिवस मोजलेले आहेत, ते संपले की संपले. त्या दिवसापासून सूचनांचा छापील कागद नुसता हातात देणं मी बंद केलं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध द्यायचंच नाही. घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि बहुतेकांची ग्रंथी पुढे थंड पडते, मग जन्मभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. "एक रोग गेला आणि दुसरा पदरात पडला" अशी तक्रार मी खूप ऐकतो. मला ती रास्त वाटत नाही, पण समजते. बेफाम ग्रंथी हृदयाचे ठोके विस्कटते आणि हाडं पोखरते. रोजची एक स्वस्त, सरळ गोळी त्या बदल्यात फार मोठं मोल नव्हे. पण हा सौदा रुग्णाने डोळे उघडे ठेवून करायला हवा.

या तीन रस्त्यांवरून जगात मतं वेगळी आहेत. अमेरिकेतले डॉक्टर बराच काळ किरणोत्सारी आयोडीनकडे झुकलेले होते, तर युरोप आणि जपान गोळ्यांकडे. अलीकडे अमेरिकाही गोळ्यांकडे सरकली आहे. तेहरानच्या फरेदून अझिझी यांनी कमी मात्रेची गोळी पाच-दहा वर्षंही सुरक्षितपणे चालते असं दाखवल्यावर "अठरा महिने झाले, आता दुसरा रस्ता धरा" हा आग्रह सैल झाला आहे. माझा कल मी लपवत नाही. इंदूरला जाणं ज्याला जड आहे, पण महिन्याला रक्त तपासून गोळी नेमाने घेणं जमतं, त्याला मी गोळीवरच ठेवतो. ज्याला नेम जमणार नाही हे दोन भेटींत कळतं, त्याला आयोडीन. डोळे बाहेर आलेले असतील तर आयोडीन देण्याआधी दहा वेळा विचार, आणि विडी-सिगरेट आधी बंद. तंबाखूच्या धुराने ते डोळे आणखी बिघडतात.

हे पुस्तक आताच का? कारण तपासण्या स्वस्त झाल्या, "फुल बॉडी" पॅकेजात टीएसएच आपोआप येऊ लागला आणि रिपोर्ट डॉक्टरांआधी मोबाइलवर पोचू लागला. कारण केसांसाठी बायका ज्या बायोटिनच्या गोळ्या घेतात, त्या काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतात. तपासणीआधी निदान दोन दिवस त्या थांबवल्या नाहीत तर नसलेला आजार कागदावर उमटतो. हृदयासाठीचं ॲमिओडॅरोन, सीटी स्कॅनआधी टोचलेलं रंगद्रव्य आणि समुद्री शेवाळाची पूडही आयोडीनने भरलेली असतात. जादा आयोडीनने ग्रंथी भडकू शकते, हे नवं नाही. जिनिव्हाच्या क्वांदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन देऊन पाहिलं, तेव्हाच काही रुग्णांची धडधड आणि वजन घटणं त्यांच्या नजरेत आलं होतं. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात झालेल्या अभ्यासाने आयोडीनच्या मिठाचं मोल सिद्ध केलं. ते मीठ प्रत्येक घरात हवंच. पण मीठ वेगळं आणि वाटेल तेवढी शेवाळाची पूड वेगळी.

आणि म्हातारी माणसं. त्यांच्यात हा आजार बोलत नाही. हात थरथरत नाहीत, घाम नाही. नुसतं वजन उतरतं, माणूस गप्प होतो, नाडी चुकायला लागते. घरचे म्हणतात, वय झालं.

या पुस्तकात रुग्णाला औषधाची मात्रा शिकवलेली नाही, आणि मुद्दामच नाही. मात्रा डॉक्टर ठरवतात, ती आजारासोबत बदलते. शिकवलंय ते दोन भेटींच्या मधलं. कारण उपचार तिथेच टिकतो किंवा तिथेच तुटतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगायचं, कारण पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोल बाळाला बाधू शकतं आणि गोळी बदलावी लागते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजायची. गोळी चुकली तर लपवायचं नाही. शेवटच्या पानांवर तक्ते कोरे ठेवले आहेत: तारीख, वजन, नाडी, टी-४, टीएसएच, गोळी.

ते तक्ते माझे नव्हेत. पहिल्या दिवशीच्या त्या काकूंनी जाऊबाईंच्या गोळ्या थांबवल्यावर नातवाच्या जुन्या वहीत पेन्सिलने रकाने आखले होते. आकड्यांशेजारी त्यांचा आणखी एक रकाना होता: "बांगडी". त्यात त्या रोज लिहायच्या, कोपर, मध्ये, मनगट. सातव्या आठवड्यात सलग चार दिवस "मनगट" लिहिलं होतं आणि त्यापुढे, "आज ट्रे मी नेला." तो रकाना मी पुस्तकातल्या तक्त्यात तसाच ठेवला आहे.